बर नावाचं गाव, बाबा आणि तीन टनांचा आरसा

शुक्रवार

ऑफिसमध्ये सांगितलं की वीकेंडला वडलांना घेऊन बरला चाललेय, तर आयरिश लोकांनीच विचारलं, तिथं काय आहे? गॉलवे दाखव, क्लिफ्स म्हणजे ते समुद्रावरचे उंच कडे दाखव. आईला फोनवर सांगितलं "बरला चाललोय" तर ती म्हणाली "बरं". मग परत म्हटलं, अगं गावाचं नाव बर आहे, तर परत "बरं बरं". असो. तर हे बर म्हणजे आयर्लंडच्या साधारण मध्यावरचं ऑफली काउंटीतलं छोटं गाव, आपल्याकडच्या तालुक्याच्या गावापेक्षाही लहान. मी ते ठरवलं फक्त बाबांसाठी, कारण बाबांनी सदतीस वर्षं शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत काढलीयेत आणि या गावात १८४२ साली एका माणसाने टेलिस्कोपच्या आरशासाठी घराच्या अंगणात तीन टनांचं कास्टिंग, म्हणजे धातूचं ओतकाम केलं होतं. क्लिफ्स बघून बाबा दहा मिनिटांत "चला" म्हणाले असते, मला माहितीये ना.

बस पाऊण तास उशिरा आली, त्यात बाबांचा स्वेटर मी घरी विसरले होते, त्यामुळे पहिले दोन तास आमचं बोलणं जरा बेतानंच चाललं होतं. दुपारी पोचलो. बी अँड बीच्या काकू एकदम गोड, पण बाबा शाकाहारी म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला आणि मग तीनही दिवस आम्ही सूप, ब्राऊन ब्रेड, बटाटा आणि आमच्याच डब्यातली शेंगदाण्याची चटणी यावर काढले. हॉलमधल्या शेकोटीत पीट जळत होतं. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं कुजून दबलेल्या शेवाळाच्या आणि झाडपाल्याच्या वाळवलेल्या विटा, इकडे सगळे टर्फ म्हणतात. बाबांनी हातात घेऊन बघितली, वास घेतला, "शेणीपेक्षा जड, दगडी कोळशापेक्षा हलकी" असा निकाल दिला आणि ठेवून दिली.

संध्याकाळी गावात चक्कर. मधल्या एमेट चौकात एक उंच दगडी खांब आहे आणि खांबावर कोणीच नाही! १७४७ साली ड्यूक ऑफ कंबरलंडचा पुतळा बसवला होता, कलोडनच्या लढाईत स्कॉटिश लोकांना चिरडलं म्हणून. १९१५ मध्ये पुतळा धोकादायक झाला म्हणून उतरवला, खांब मात्र आपला उभा आहे. त्याच चौकात त्याच सालचं, १७४७ चं हॉटेल आहे. पुढं रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना जॉर्जियन घरं, प्रत्येक दाराचा रंग वेगळा आणि दारावर अर्धगोल काचेची खिडकी. गावाचं नाव बरीच वर्षं पार्सन्सटाऊन होतं, कारण १६२० पासून इथला किल्ला पार्सन्स घराण्याकडे आहे. काउंटीचं नाव तेव्हा किंग्ज काउंटी. आता दोन्ही नावं गेली, किल्ला अजून त्याच घराण्याकडे आहे, ते राहतात पण तिथंच.

जॉन्स प्लेसला एक ओबडधोबड चुनखडीचा दगड ठेवलाय. ही म्हणे आयर्लंडची बेंबी. बाबा म्हणाले, शेंदूर लावायचा राहिलाय फक्त.

लायब्ररी बंद व्हायच्या आत घुसलो. इमारत जुन्या कॉन्व्हेंटची. आत मॅक्रेगोलच्या गॉस्पेलची, म्हणजे बायबलच्या हस्तलिखित पोथीची प्रतिकृती आहे. मॅक्रेगोल इथल्या मठाचा मठाधिपती, नवव्या शतकाच्या सुरुवातीचा, आणि मूळ पोथी आता ऑक्सफर्डला. (चांगली वस्तू इंग्लंडला आणि प्रतिकृती गावाला, हे आपल्याला काय नवीन नाही.) पण मला जास्त आवडली ती त्याच्याही आधीची गोष्ट. ६९७ साली या बरमध्ये राजे आणि धर्मगुरूंची मोठी सभा भरली आणि स्कॉटलंडजवळच्या आयोना बेटावरच्या मठाचा प्रमुख अॅडमनान याने एक कायदा मंजूर करून घेतला, की लढाईत बायका, मुलं आणि पाद्री यांना मारायचं नाही. लॅटिनमध्ये त्याचं नावच निरपराधांचा कायदा. ९१ जण जामीन राहिले. तेराशे वर्षांपूर्वी, एवढ्याशा गावात! किती पाळला ते देवाला माहीत, पण कागदावर तरी आला.

शनिवार

आजचा दिवस मुख्य. नऊला किल्ल्याच्या दारात हजर आणि आत जायची वेळ व्हायची होती, बाबा रांगेत पहिले, रांगेत दुसरं कोणी नव्हतंच म्हणा.

आत बाग ओलांडून गेलो आणि हिरवळीवर एकदम दोन प्रचंड दगडी भिंती दिसल्या, साधारण पंधरा मीटर उंच आणि वीसएक मीटर लांब, वर किल्ल्यासारखे कंगोरे, आणि मधोमध साखळ्यांना टांगलेली काळी लाकडी नळी. हाच तो पार्सन्सटाऊनचा लेव्हायथन, म्हणजे अजस्र टेलिस्कोप. नळी सोळा मीटरपेक्षा लांब, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली, थेट दारूच्या पिंपासारखी, आणि आत एवढी जागा की बांधली तेव्हा एक इंग्लिश डीन उघडी छत्री घेऊन नळीतून चालत गेला होता. विल्यम पार्सन्स, तिसरा अर्ल ऑफ रॉस, म्हणजेच लॉर्ड रॉस, याने १८४५ मध्ये हा टेलिस्कोप चालू केला आणि १९१७ ला अमेरिकेत माउंट विल्सनवर शंभर इंची येईपर्यंत, म्हणजे तब्बल बहात्तर वर्षं, जगातला सगळ्यात मोठा टेलिस्कोप हाच होता. लंडनमध्ये नाही, पॅरिसमध्ये नाही. बरमध्ये, जिथं निम्मे दिवस ढग!

आता बाबांचा विषय. त्या काळी काचेवर चांदी चढवून मोठा आरसा करायचं तंत्र नव्हतं, आरसा धातूचाच ओतायला लागायचा. तांबं साधारण दोन भाग, कथील एक भाग, त्याला स्पेक्युलम म्हणतात. पांढरं, चांदीसारखं चमकतं, पण काचेसारखं ठिसूळ. बाबांना लगेच कळलं. "म्हणजे कासंच की गं. तुझी आजी काशाच्या वाटीने पाय घासायची ना, तेच, फक्त कथील जास्त. कथील वाढवलं की कडक होतं, लखलखतं आणि टणकन तडकतं." सहा फूट व्यासाची तीन टनांची काशाची वाटी, असं समजा.

म्युझियममध्ये ओतकामाची माहिती लावलीये तिथं बाबा जे थांबले ते पाऊण तास. मी वाचून मराठीत सांगायचं आणि बाबांनी मान हलवायची. १३ एप्रिल १८४२ ला, रात्रीच्या वेळी, पहिला आरसा ओतला. तीन मुशी, प्रत्येकीत टनाच्या वर रस, आणि भट्टीला इंधन काय, तर ती कालची शेकोटीतली पीट. बाबा मला परत परत विचारत होते, नक्की पीट? कोक नाही? नाही बाबा, पीटच लिहिलंय. मग ते गप्प झाले आणि बोटांवर काहीतरी हिशोब करत बसले.

मोल्डचा, म्हणजे साच्याचा तळ हा खरा शोध. एवढं मोठं पसरट कास्टिंग नुसत्या वाळूत ओतलं तर गॅस अडकून ब्लोहोल, म्हणजे आत पोकळ्या पडणार आणि थंड होताना एका बाजूने आकसून तडकणार. लॉर्डसाहेबांनी काय केलं, तर लोखंडाच्या पातळ पट्ट्या उभ्या कडेवर एकमेकींना चिकटवून घट्ट बांधल्या आणि तो केला तळ. फटीतून हवा जाते, रस जात नाही, आणि लोखंड उष्णता ओढून घेतं त्यामुळे धातू खालून वर थिजत येतो. बाजूच्या भिंती वाळूच्या. हे वाचून झाल्यावर बाबांनी चष्मा काढून पुसला. "आम्ही चिल लावतो," म्हणाले, "जिथं लवकर थंड करायचं तिथं लोखंडाचा तुकडा. हे तेच आहे. या माणसाला कोणी शिकवलं असंल?" कोणी नाही. स्वतःच करून करून शिकला, वर्षानुवर्षं आधी छोटे आरसे, मग तीन फुटी, मग हा. कामाला गावातलीच माणसं, त्यांनाच शिकवून तयार केलेली. नंतर आरसा तापलेला असतानाच विटांच्या भट्टीत सरकवून सोळा आठवडे हळूहळू निववला. तरी सगळे धड निघाले नाहीत, पाचदा ओतलं तेव्हा वापरण्यासारखे दोन हाताला लागले. बाबा: "पाचात दोन? पहिल्यांदा करताना लई चांगलं आहे."

दोन आरसे लागायचेच, कारण इथल्या दमट हवेत धातू काळवंडतो, मग एक नळीत आणि एक पॉलिशला. पॉलिशचं मशीन वाफेच्या इंजिनावर.

बाबांची एकच निराशा झाली. मूळ आरसा बघायला मिळाला नाही. एक लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे, आणि नव्वदच्या दशकात टेलिस्कोप परत उभा केला तेव्हा आत बसवलेला आरसा अॅल्युमिनियमचा. "अॅल्युमिनियम!" असं बाबा ज्या सुरात म्हणाले तो सूर आमच्याकडे वनस्पती तुपासाठी वापरतात.

आणि दिसलं काय यातून? तर एप्रिल १८४५ मध्ये लॉर्ड रॉसने एम ५१ हा आकाशातला पुंजका बघितला, आणि जो सगळ्यांना आजवर धुरकट ठिपका दिसत होता तो चक्क भोवऱ्यासारखा, फिरत्या फांद्यांचा दिसला. सर्पिल दीर्घिका माणसाने पहिल्यांदा ओळखली ती इथं. आपल्याकडे आकाशदर्शनाला जाणाऱ्यांना माहीत असेल, सप्तर्षीच्या शेपटीचा शेवटचा तारा मरीची, त्याच्या जवळ श्यामशबल या तारकासमूहात हा आहे. कॅमेरा नाही, त्याने पेन्सिलने काढलेलं चित्र तिथं लावलंय, आणि शेजारी हबल या अवकाशातल्या टेलिस्कोपचा फोटो, आणि खरंच सांगते, फारसा फरक नाही. क्रॅब नेब्युला या तेजोमेघाला खेकड्याचं नावही याच्याच चित्रामुळे पडलं.

पण लगेच त्याच वर्षी बटाट्यावर रोग पडला आणि मोठा दुष्काळ सुरू झाला. जगातला सगळ्यात मोठा टेलिस्कोप बंद ठेवून लॉर्डसाहेब मदतीच्या कामाला लागले. गावात १८४२ साली सुरू झालेलं वर्कहाऊस आहे, म्हणजे ज्यांच्याकडे काहीच उरलं नाही त्यांना काम करून घेऊन पोटाला घालायची जागा. म्हणजे आरसा ओतला त्याच वर्षीचं. मी हे सांगितलं तेव्हा बाबांना बहात्तरचा दुष्काळ आठवला, खडी फोडायची कामं, सुकडी. मग आम्ही थोडा वेळ नुसतेच बेंचवर बसलो.

नंतर इथं नोकरीला आलेले लोक पण एकेक वल्ली. ड्रेयर नावाचा डॅनिश तरुण चार वर्षं होता, त्याने पुढे १८८८ मध्ये आकाशातल्या ७८४० वस्तूंची यादी केली, तीच एनजीसी, न्यू जनरल कॅटलॉग. आपण एनजीसी अमुक तमुक म्हणतो ना, त्याची मुळं या नळीपाशी. जॉर्ज स्टोनी इथंच सहायक होता आणि गाववालाच, त्याने १८९१ मध्ये 'इलेक्ट्रॉन' हा शब्द दिला. इलेक्ट्रॉन! दहावीला मार्क गेले ते या माणसामुळे.

आता माझा विषय, मेरी रॉस. लॉर्डसाहेबांची बायको, यॉर्कशरच्या श्रीमंत घरातली, टेलिस्कोपचा बराच भार तिच्या माहेरच्या पैशाने उचलला असं सगळे सांगतात. अकरा बाळंतपणं, त्यातली चारच मुलं मोठी झाली. आणि हे सगळं सांभाळून बाई लोहारकाम करायच्या आणि फोटोग्राफी शिकल्या, १८५० च्या दशकात, जेव्हा फोटो म्हणजे काचेवर केमिकल ओतून ते वाळायच्या आत पळापळ. १८५९ मध्ये आयर्लंडच्या फोटोग्राफिक सोसायटीचं पहिलं रौप्यपदक तिला मिळालं. तिची डार्करूम बाटल्यांसकट मागे राहिली होती, ती म्युझियममध्ये मांडलीये. बाटल्यांवरची चिठ्ठ्यांची अक्षरं बघत मी उभी राहिले तर बाबा मागून म्हणाले, "झालं का? मी मगाशी पाऊण तास उभा होतो तेव्हा तू तीनदा घड्याळ बघितलंस." बरोबर होतं.

दुपारनंतर बाग. दोन्ही बाजूंनी बॉक्स नावाच्या झुडपांची कुंपणं इतकी उंच की तीन मजली बोळातून चालतोय असं वाटतं, जगातली सगळ्यात उंच म्हणून रेकॉर्ड आहे त्यांचं. नदीवर तारांचा झुलता पूल, साधारण १८२० चा. आणि मग एका कुरणात काळ्या चौकोनांची पटांगणभर ओळ. बाबा म्हणाले, इथं पण मल्चिंग पेपर अंथरतात? तो मल्चिंग पेपर म्हणजे आय-लोफार, २०१७ ला सुरू झालेला रेडिओ टेलिस्कोप, युरोपभर पसरलेल्या जाळ्यातलं एक केंद्र. आपल्या खोडदच्या जीएमआरटीसारखाच कमी फ्रिक्वेन्सीच्या रेडिओलहरी पकडणारा, फक्त तिथं मोठ्या जाळीच्या डिश आहेत आणि इथं जमिनीवर चटया. रेडिओला ढगांची पर्वा नाही, म्हणून बरलाही परवडतं. दोनशे मीटरवर जुना लेव्हायथन ढगाकडे तोंड करून बसलेला.

रात्री तारे दिसतील म्हणून दोनदा बाहेर आलो. एम ५१ इथून वर्षभर मावळतच नाही, पण आम्हाला दिसला तो फक्त शेजारच्या चिप्सच्या दुकानाचा बोर्ड.

रविवार

सकाळी लवकर ब्रेंडन चर्चच्या वळणावर गेलो. वळण म्हणजे साधं वळण, काही विशेष नाही, मॉल नावाचा झाडांचा रस्ता संपतो आणि वळतो. ३१ ऑगस्ट १८६९ ला इथं मेरी वॉर्ड वारली.

ही लॉर्ड रॉसची चुलत नात्यातली बहीण, जवळच्याच फरबेनची. लहानपणापासून मायक्रोस्कोपचं वेड, किडे, फुलपाखराच्या पंखावरचे खवले, माशाचा डोळा, सगळं बघायचं आणि रंगवायचं. कॉलेजचा प्रश्नच नाही, बायकांना प्रवेशच नव्हता. १८५७ ला तिने स्वतःच्या चित्रांचं पुस्तक स्वतःच्या खर्चाने छापलं, फक्त २५० प्रती, कारण बाईचं पुस्तक कोण छापणार. नंतर लंडनच्या प्रकाशकाने घेतलं आणि ते पुष्कळ चाललं. तर रॉसच्या मुलांनी घरीच वाफेवर चालणारी गाडी बनवली होती. त्या दिवशी मेरी, तिचा नवरा, रॉसची दोन मुलं आणि त्यांचे मास्तर असे फिरायला निघाले, गाडी अगदी माणूस चालतो तेवढ्याच वेगात, वळणावर हिसका बसला, ती खाली पडली आणि चाक अंगावरून गेलं. बेचाळीस वर्षांची. मोटारगाडीच्या अपघातात गेलेली जगातली पहिली व्यक्ती म्हणून तिचं नाव सांगतात. मला चीड याची येते की बाईने तीस वर्षं केलेलं काम एका ओळीत आणि शेवटचं मिनिट ठळक टायपात, पण आत्ता मी पण तेच केलं ना.

गाडीवरच्या मुलांपैकी धाकटा चार्ल्स तेव्हा पंधरा वर्षांचा. याच चार्ल्स पार्सन्सने १८८४ मध्ये स्टीम टर्बाइन बनवलं. वाफेने दट्ट्या मागेपुढे करायच्या ऐवजी थेट पाती फिरवायची. कोणी फार मनावर घेईना तर १८९७ ला राणी व्हिक्टोरियाच्या हीरक महोत्सवाचं नौदलाचं संचलन चालू असताना त्याने आपली छोटी 'टर्बिनिया' बोट त्या जहाजांच्या रांगांमधून ३४ नॉटने पळवली, नेव्हीच्या बोटींना ती गाठता येईना. परळी काय, कोराडी काय, आजही वाफेने पातीच फिरतात. पंधराव्या वर्षी त्या वळणावर बघितलेलं त्याला आयुष्यभर आठवत असेल का, हा विचार काही डोक्यातून जाईना.

मग चालत क्रिंकिलला, गावापासून दीडएक किलोमीटर. इथं ब्रिटिशांची मोठी छावणी होती, आता भिंती आणि झाडोरा. १९२२ च्या यादवीत जाळली. मला फक्त अवशेष बघायचे होते पण आदल्या रात्री लेन्स्टर रेजिमेंटबद्दल वाचत बसले आणि झोप उडाली. या रेजिमेंटचं ठाणं इथं. १८८१ मध्ये दोन पलटणी जोडून ती बनली, एक कॅनडात उभारलेली १०० वी, आणि दुसरी १०९ वी, जिचं नाव बॉम्बे इन्फंट्री. ही १८५३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने उभारलेली तिसरी बॉम्बे युरोपियन पलटण. आणि इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या फौजेत हीच पलटण एप्रिल १८५८ मध्ये झाशीच्या तटाला शिड्या लावत होती. आत आपली राणी, तांब्यांची मनू. आणि आतच अडकलेले वरसईचे गोडसे भटजी, ज्यांनी नंतर तो सगळा कत्तलीचा आणि लुटीचा प्रकार मराठीत लिहून ठेवला. रेजिमेंटच्या मानचिन्हांत 'सेंट्रल इंडिया', म्हणजे याच मोहिमेचं नाव, शेवटपर्यंत होतं.

बाबांना हे भिंतीपाशी उभं राहून सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे यांच्या निशाणावर झाशी, आणि त्याच गावात बायकापोरांना मारू नये म्हणून तो कायदा?" मी म्हटलं हो. मध्ये अकराशे साठ वर्षं गेलीयेत, पण हो. १९२२ ला नवीन आयर्लंड झालं आणि ती रेजिमेंटच बरखास्त झाली.

परत येताना दोन हलक्या गोष्टी. एक, हर्लिंग. विटीदांडू आणि हॉकी यांचं लग्न लावलं तर जे होईल ते. पहिली ऑल आयर्लंड फायनल १ एप्रिल १८८८ ला याच गावात झाली, एका बाजूला एकवीस एकवीस माणसं, टिपररीने गॉलवेला हरवलं. दोन, चोरीला गेलेली रेल्वे. बरपासून पोर्टुमनाकडे १८६८ ला एक लाइन काढली, दहा वर्षांत ती तोट्यात जाऊन बंद पडली, मालक कोण यावर कंपन्या भांडत बसल्या आणि तोवर लोकांनी रूळ, स्लीपर, स्टेशनचं सामान सगळं उचलून घरी नेलं. बाबा एवढे हसले की रस्त्यातला कुत्रा भुंकायला लागला. "भंगारवाला कोण होता ते शोध," म्हणाले, "त्याने फौंड्री काढली असणार."

दोनच्या बसने परत. निघताना बाबांनी बी अँड बीच्या काकूंना खुणेने काहीतरी विचारलं, त्या आत गेल्या आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली पीटची वीट आणून दिली. पैसे घेतले नाहीत. बसमध्ये ती मांडीवर घेऊन बाबांनी फौंड्रीतल्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकला, साडेचार मिनिटांचा. त्यात सर्पिल दीर्घिका नव्हती, इलेक्ट्रॉन नव्हता. सुरुवात अशी होती: "ऐका रे, कोक न वापरता तीन टन."